गोपिका नावाचं धान

२०१९ साल. दिवाळी होऊन महिना झाला होता. सक्करदऱ्याच्या घरी कौशल्याबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा फोन आला.

"बाई, माझ्या धानात कुणीतरी विष टाकलं!" गोपिका रडत होती. "सोमवारी समिती येणार. सगळे म्हणतात, पहिले आकडे मीच खोटे लिहिले."

कौशल्याबाई धान संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या. गोपिका त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिनं असं धान निवडलं होतं, जे दूषित मातीतलं विषारी कॅडमियम दाण्यात येऊ देत नव्हतं. संचालकांनी कौतुकानं वाणाला तिचंच नाव दिलं: 'गोपिका'. आता त्याच दाण्यांत कॅडमियम तिप्पट निघालं होतं.

बाई लगेच निघाल्या. संस्थेत, कुंड्यांच्या जाळीघरात तिघं उभे होते: गोपिका, तिची मैत्रीण रितिका आणि तपासणीचं यंत्र सांभाळणारा दुर्गेश. दारात चौकीदार रुपराव, हातात पालकाची जुडी.

"घ्या बाई. नळाच्या नालीवरचा आहे. सगळेच नेतात."

जुडी घेऊन बाई वळल्या. "दिवाळीत कुंड्या कुणाकडे होत्या?"

"माझ्याकडे," रितिका म्हणाली. "हिच्या आणि माझ्या, दोन्ही रांगा. ही गावी गेली होती ना."

"कॅडमियमची बाटली?"

"माझ्या कपाटात. सील तसंच आहे," दुर्गेश म्हणाला. "तरी संशय माझ्यावरच! हिची जागा मले मिळायची होती ना."

"राग आहे?"

"जळतो मी, बाई. पण धानावर काहून राग काढू?"

बाईंनी तपासणीचे आकडे पाहिले. गोपिकाच्या मातीत कॅडमियम आणि आर्सेनिक दोन्ही होतं. दाण्यांत कॅडमियम तिप्पट, पण आर्सेनिक निम्म्यावर. शेजारच्या रितिकाच्या कुंड्या फक्त आर्सेनिकच्या प्रयोगाच्या. तरी त्यांच्या मातीत किंचित कॅडमियम.

"यंत्र नीट धुतलं नसेल," रितिका म्हणाली.

"तीनदा मोजलं वं मी!"

"रुपराव," बाईंनी मध्येच विचारलं, "दिवाळीत पालक कसा होता?"

"सुकून राहिला होता. नालीत थेंब नाही. मीच बादलीनं पाणी टाकलं."

बाई स्टुलावर बसल्या.

"विष कुणी टाकलंच नाही. टाकलं असतं तर आर्सेनिक कमी कशाला झालं असतं? धानात पाणी उभं असलं की कॅडमियम मातीत अडकतं आणि आर्सेनिक सुटतं. माती सुकली की उलटं. दाणा भरत असताना कुणीतरी कुंड्यांतलं पाणी काढून घेतलं."

बाईंनी शेजारच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"ते गेलं कुठे? नाली तर कोरडी होती. ते शेजारच्या कुंड्यांत गेलं, म्हणून तिथं कॅडमियम आलं. काढणारीला ठाऊक होतं, नालीत ओतलं तर ते रुपरावच्या पालकात जाईल. शिवाय रोज पाणी घालणारीला सुकलेली रांग दिसली नाही, असं होत नाही." बाईंनी जुडी रितिकासमोर धरली. "मैत्रिणीचं वाटोळं चाललं तुले, रुपरावचं नाही चाललं?"

रितिकाचा चेहरा उतरला.

"धान माझ्या बाबांच्या शेतातलं, त्यांच्या बांधीतलं आहे! बियाणं मीच आणून दिलं हिले. मग नाव काहून हिचं? बाबा दर फोनवर विचारते, 'आपल्या धानाचं काय झालं वं?' काय सांगू मी?"

"मला एकदा म्हणायचं होतंस," गोपिका पुटपुटली.

"तू एकदा तरी विचारलं का?"

रितिकानं समितीपुढे सगळं कबूल केलं आणि संस्था सोडली. हुडकेश्वरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. गोपिकाला पुन्हा पेरणी करू दिली. आकडे पहिल्यासारखेच आले. दुर्गेश अजून यंत्र सांभाळतो, अजून जळतो. आता नव्या संचालकांवर. रुपराव निवृत्त झाले, पालकाचा वाफा त्यांच्या जावयानं राखला आहे. कौशल्याबाईंना अजून तिथूनच जुडी येते.

वाण प्रसारित होण्याआधी गोपिकानं त्याचं नाव बदलून घेतलं: 'बाबाराव'. पहिलं पोतं ती स्वतः रितिकाच्या वडिलांना देऊन आली. म्हातारा गावभर सांगतो, "माह्या पोरीनं, रितिकानं, माहं नाव लावलं धानाले."

गोपिकानं ते कधी खोडून काढलं नाही.