झुंबरनं सोडलेला कॅच

"झुंबर? हे काय नाव झालं?" मी हसले.

"नावाला नंतर हसा. आधी धावा जुळवा. माझ्याकडे एक्केचाळीस."

"माझ्याकडे चाळीस..."

"मग एक धाव माझ्याकडे बघण्यात गेली असेल."

मी चाळीस खोडून एक्केचाळीस केले, कारण तसंच झालं होतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. अंबडच्या कारखान्यातल्या मुलांच्या टीमचा कॅप्टन माझा राजूदादा. त्यांचा स्कोअरर लग्न करून पुण्याला गेला, म्हणून दादानं मला धरून आणलं होतं. झुंबर गंगापूर रोडच्या टीमची धावांची वही लिहायचा. येवल्याचा मुलगा, मामाकडे राहून बी.कॉम. करत होता. या दोन टीमची महिन्यातून एका रविवारी पंचवीस षटकांची मॅच व्हायची. दोन्हीकडचे स्कोअरर एकाच बाकावर बसत आणि दर षटकाला आकडे जुळवत. त्या नियमावर माझं फार प्रेम होतं.

एप्रिलमधली मॅच शेवटची. परीक्षा संपली होती, दुसऱ्या दिवशी झुंबर कायमचा येवल्याला जाणार होता, वडिलांच्या शेजारी हातमागावर बसायला. आज बोलला तर बोलला, नाहीतर संपलंच. मी कानात आईच्या कुड्या घालून आले होते. हा बाबा मात्र वाइड बॉलबद्दल बोलत होता.

आणि त्यातच त्यांच्या एकाचा पाय मुरगळला. बदली कुणी नव्हतं. त्यांचा कॅप्टन हिरामण ओरडला, "झुंबर, चल, सीमारेषेवर उभा राहा."

त्यानं त्याची वही माझ्या मांडीवर ठेवली. "माझंही तुम्हीच लिहा."

शेवटचा चेंडू, आम्हाला तीन धावा हव्या. राजूदादानं बॅट फिरवली आणि चेंडू उंच उडाला, सरळ झुंबरकडे. सोपा कॅच. तो खाली उभा होता, हात वर होते... आणि ऐनवेळी त्यानं हात काढून घेतले. चेंडू टप्पा पडून चुन्याच्या रेषेपार गेला. चौकार.

आमची पोरं नाचत होती. हिरामण झुंबरला नको नको ते बोलत होता. मी दोन्ही वह्यांत चार लिहिले. पण अशी दान केलेली मॅच मला नको होती.

तो वही घ्यायला आला, तशी मी विचारलं, "माझ्यासाठी सोडलात?"

"हो."

"लाज नाही वाटत? दादाला कळलं तर..."

"ऐका तरी. मॅचसाठी नाही सोडला." त्यानं दोन्ही हात पुढे धरले. "या कडक सीझन बॉलनं बोट मोडलं असतं तर माग बंद पडला असता. मागावर अर्धी पैठणी आहे. दर शनिवारी जाऊन विणतो. मधेच दुसऱ्याचा हात लागला की पोत बदलतो, लगेच दिसतं."

"मग विणू दे की दुसऱ्या कुणाला. एका साडीसाठी मॅच घालवायची?"

"आमच्या घरात सुनेची पैठणी मुलानंच विणायची असते, तृप्ती."

तो पहिल्यांदाच माझं नाव घेत होता. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि त्या सुनेला माहीत आहे?"

"विचारायचं राहिलंय... जानेवारीपासून."

"पैठणी अजून किती दिवसांची आहे?"

"दोन महिने."

"मग दोन महिन्यांनी घरी ये," मी पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं, "आणि तोवर एकही कॅच घेऊ नकोस."

आता राजूदादाच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. अजूनही प्रत्येक लग्नात तो त्या शेवटच्या चौकाराची गोष्ट सांगतो, आपल्या मनगटातल्या ताकदीसकट. झुंबर मान डोलावून दाद देतो. मी पैठणीचा पदर सावरते.