ओडेला माफी मागत नाही

ध्वनिखोलीच्या फरशीवर तबकडीचे चार तुकडे पडले होते. शेजारी ओडेलाची लाल रिबीन.

साल १९३०. लॉस एंजेलिसच्या त्या छोट्या स्टुडिओनं वात्रट शाळकरी पोरांवर दहा मिनिटांचा बोलपट काढला होता. चित्र रिळावर, आवाज या तबकडीवर. संध्याकाळी थिएटरवाले बघायला येणार होते.

"माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!" निर्माते ग्रोस सगळ्यांदेखत गरजले.

"मी फोडलीच नाही. माफी कसली?" आठ वर्षांच्या ओडेलानं मान ताठ ठेवली. पडद्यावरच्या सगळ्या खोड्या तिच्या. त्यामुळे खऱ्या खोड्याही तिच्याच नावावर.

बालनटांना शिकवणाऱ्या मिस टटल पुढे झाल्या. "सर, तासभर थांबा."

त्यांनी आधी ध्वनिमुद्रक लुंडग्रेनला गाठलं.

"ही तबकडी कुणी ऐकली होती?"

"कुणीच नाही. सकाळीच कारखान्यातून आली. मी पाकीटही उघडलं नव्हतं."

"आणि मुद्रण कसं झालं?"

"शूटिंगच्या वेळी शाळेच्या घंटेला चिंधी बांधली होती, माईक बिघडायचा. घंटेचा आवाज मी नंतर एकट्यानंच मुद्रणात भरला."

बोलपटात मास्तर झालेले पिंगरी मूकपटांतले बडे नट. ते आरशासमोर मिशा चिकटवत होते.

"कार्टी वाह्यातच आहे. रिबीन सापडली ना?"

"तुमचं काम मात्र छान झालंय म्हणे."

"कसलं छान! माझ्या शेवटच्या वाक्यावर ती मेली घंटा घणघणते. शब्द कळत नाही!"

मिस टटलनी सगळ्यांना बोलावलं.

"सेटवर घंटा वाजलीच नव्हती. ती फक्त तबकडीत होती. मिस्टर पिंगरी, तुम्ही ती कुठे ऐकलीत?"

पिंगरींच्या हातातली मिशी गळाली.

"सकाळी चोरून लावून ऐकली. आवाज चिरका आलाय माझा," ते म्हणाले. "वाटलं, तबकडी फोडली तर पुन्हा मुद्रण करतील. रिबीन रंगभूषेच्या टेबलावरून उचलली."

"साचा कारखान्यात आहे," लुंडग्रेन म्हणाला. "दुपारपर्यंत दुसरी निघेल."

ग्रोसनी हात झटकले. "झालं गेलं. चला कामाला!"

ओडेला जागची हलली नाही. "आधी माफी."

"कुणी मागायची?"

"तुम्ही. माझी."

ग्रोस काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही. मघाशी ओरडलात, तेवढ्या मोठ्यानं म्हणा."

मिस टटलनी तिला आवरलं नाही. कुणीच आवरलं नाही.

ग्रोसनी घसा खाकरला.

"माफ कर, ओडेला!"