हेरवाडकर बाईंची खुर्ची

गुरुपौर्णिमेला संस्थेने शिक्षकांना श्रीफळाऐवजी मोजे दिले, तेव्हाच हेरवाडकर बाईंच्या मनात पाल चुकचुकली. स्टाफरूमचा बंद पंखा नऊ वर्षं न बदलणारी ही संस्था! "गुरूंच्या पायांची सेवा," असं अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

मोजे गुडघ्यापर्यंतचे, राखाडी, विणीत केसाएवढे संवेदक तंतू. माणूस चालतो तेव्हा पोटरी रक्त वर ढकलते. फळ्यापाशी तासन् तास उभा राहिला की ते खाली साचतं, शिरांमधल्या झडपा थकतात आणि शिरा फुगतात. हा मोजा घोट्यापासून वर लाटेसारखा आवळत जाई आणि पोटरीचं काम स्वतःच करी. सव्वीस वर्षांच्या नोकरीने बाईंच्या डाव्या पोटरीवर सुतळीएवढी निळी शीर उमटवली होती, घोट्याभोवती कोळ्याचं जाळं. डॉक्टरांच्या दाखल्यावर त्यांना वर्गात खुर्ची मिळाली होती. बाकी वर्गांतल्या खुर्च्या, बसलेला शिक्षक पेंगतो म्हणून, केव्हाच गेल्या होत्या.

मोज्यांनी पायांचा ठणका थांबला. संशय तेवढा राहिला.

तिसऱ्या आठवड्यात शिपाई रावजी वर्गाच्या दारात आला.

"बाई, खुर्ची न्यायला आलोय."

"दुरुस्तीला?"

"न्हाय. तुम्हीच दुरुस्त झालायसा म्हणं."

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. कणबरकर सरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर दोन पाय हिरवेगार चमकत होते.

"तुमच्या मोज्यांचा अहवाल. शिरा निरोगी, दाखला रद्द. अभिनंदन! सोमवारपासून दुपारच्या सत्राचे तासही तुमचेच."

"माझ्या पायांची बातमी माझ्याआधी तुम्हाला?"

"सही केलीत की."

"ती मोजे मिळाल्याची!"

"खालचं बारीक कोण वाचतं, बाई?"

बाईंनी वाकून तिथेच डावा मोजा काढला, साडीचा काठ वीतभर उचलला आणि उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. निळी शीर हळूहळू वर आली, होती तिथेच, होती तेवढीच.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. "नियमभंग दाखवतंय, बाई," सर कुजबुजले.

"पडदा राहू दे, सर. पाय बघा."

सरांनी पाहिलं. मग मान खाली घातली. आपण आल्यापासून सर टेबलामागे उभेच आहेत, हे बाईंना तेव्हा जाणवलं. त्यांच्या विजारीखाली राखाडी मोजा दिसत होता.

"तुमची खुर्ची?"

"परवा नेली."

"कोणी?"

"वरून आदेश आला. अध्यक्षांना विचारायला गेलो, तर त्यांच्या केबिनमध्येही खुर्ची नाही. तेही उभेच."

बाईंच्या हातातला मोजा आपोआप आवळत होता, सैल होत होता, पुन्हा आवळत होता.

"मग सर," त्या म्हणाल्या, "बसलंय तरी कोण?"