फौजदाराचा दंतमणी

फौजदाराच्या तोंडात मणी बसवल्यापासून मालन नलवडेचं सकाळचं एक काम वाढलं होतं. तोंड धुता धुता, चूळ भरायच्या आधीच, कुत्र्याला मांडीशी ओढायचं, ओठ वर करायचा आणि मागच्या दाढेला चिकटवलेला मणी बोटाने पुसायचा. पुसला नाही की मणी आंधळा होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अकरा वर्षांचा फौजदार नावापुरताच करडा. बाईच्या बोटाला दात लागू नये म्हणून बिचारा श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

दंतमणी फलटणमध्ये आता घरोघरी झाला होता. तो दर मिनिटाला लाळेची चव घ्यायचा, दातांवर कीटण धरू लागलं की ते विरघळवणारं औषध थेंबभर सोडायचा आणि हिरड्यांचा अहवाल दवाखान्यात नि मालकाच्या मोबाइलवर धाडायचा. कुत्र्यांचे दात पडायचे थांबले, तोंडाची दुर्गंधी गेली. त्याबरोबर डॉक्टरांनी कुत्र्याच्या तोंडात डोकावण्याची रीतही गेली.

सोमवारी मणी लाल झाला.

"हिरडीत वाईट गाठ धरतेय," डॉ. अल्ताफ मुजावर पडद्यावर बघत म्हणाले. "लाळेत तंबाखूचा अंशही आहे. रस्त्यावरच्या पिचकाऱ्या चाटतात ना ही! गुरुवारी खालच्या जबड्याची उजवी बाजू काढून टाकू."

"एकदा तोंड बघा तरी, डॉक्टर."

"बाई, मणी दिवसातून चौदाशे वेळा बघतो. त्याच्यापुढं माझ्या डोळ्यांची काय कथा?"

घरी आल्यावर मालनने फौजदारापुढे भाकरीची कडक कड टाकली. त्याने ती कडाकडा फोडून खाल्ली. तिने त्याचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी, घट्ट, कुठे सूज नाही की रक्त नाही. मग तिला तंबाखू आठवली. तिने आपल्या उजव्या हाताचं बोट नाकाशी नेलं. त्याला तंबाखूचाच वास होता.

मालन मिसरी लावायची. तव्यावर काळीभोर भाजून चुरलेली तंबाखू, रोज सकाळी त्याच बोटाने हिरड्यांवर. नवरा गेला त्या वर्षी दाढ ठणकत होती, तेव्हा शेजारणीने चिमूटभर दिली आणि ती कायमची लागली. आणि ही कोण, तर तीस वर्षं अंगणवाडीत तक्ता टांगून बायकांना मिसरी सोडायला सांगणारी नलवडेबाई! मिसरीचा डबा पिठाच्या पिंपामागे लपवलेला असे.

मण्याला चव कळत होती, ती कुणाच्या तोंडातली ते कळत नव्हतं. रोज सकाळी तिच्याच बोटावरून तिचीच लाळ त्याच्यापर्यंत पोहोचत होती.

तिने आरशासमोर उभं राहून तोंडात बोटं घालून पाहिली. तीन बोटं उभी मावली पाहिजेत, नाही तर तोंडात कर्करोग धरत असेल, हे तिने शेकडो बायकांना शिकवलं होतं. तिची दोनच मावली. उजव्या गालाच्या आतला पांढरा डाग तिला पावसाळ्यापासून माहीत होता. तिखट सोसत नव्हतं, म्हणून ती दुधात भाकरी कुस्करून खायची आणि वयाला बोल लावायची.

तिने पुण्याला लेकीला फोन लावला. "ऋतुजा, फौजदाराचं ऑपरेशन राहू दे गं. म्हातारा झालाय."

"आई, अहवाल माझ्याही मोबाइलवर आलाय. मी संमती देऊन टाकलीय. गुरुवारी सकाळी गाडी न्यायला येईल. एवढा लाल अहवाल आल्यावर त्याला तसंच मरू द्यायचं का?"

"पण त्याला काही झालेलं नाही."

"तुला कसं कळलं?"

मालनने फोन ठेवला. बोलावं, तर आपलं तोंड दवाखान्यातल्या दिव्याखाली जाणार, तुकडा तपासायला जाणार आणि जे ऐकायचं नाही तेच ऐकावं लागणार. गावभर शोभा होईल ती वेगळीच. गप्प बसावं, तर या मुक्या जिवाचा धडधाकट जबडा कापला जाणार. तीन दिवस ती घरातल्या घरात फिरत राहिली. पहिल्या दिवशी तिने मिसरीचा डबा मोरीत रिकामा केला, दुसऱ्या दिवशी नवी पुडी आणली. तिला स्वतःची किळस आली, पण जीभ रेटेना. फौजदार तिच्या पायात पायात करत होता आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायची तिला भीती वाटत होती.

गुरुवारी त्याला टेबलावर निजवलं. डॉक्टरांनी भुलीची सुई हातात घेतली, तरी तो शेपूट हलवत मालनकडेच बघत होता. तिने डॉक्टरांचं मनगट धरलं.

"थांबा. मण्यात दिसतंय ते तोंड त्याचं नाही, माझं आहे."

डॉक्टर आधी हसले. मग तिने बोट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी ती म्हणाली, "नवा मणी द्या. माझ्या गालात ठेवते."

"हा माणसांसाठी नाही, बाई."

"म्हणून काय मी भुंकायला लागेन? द्या."

दहा मिनिटांनी पडद्यावर तोच अहवाल उमटला. तीच गाठ, तोच तंबाखूचा अंश, तोच लाल रंग. तरी मालनला मोकळं वाटत होतं. तिने फौजदाराला टेबलावरून खाली घेतलं.

डॉक्टर मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते घाईघाईने जुने अहवाल उघडत होते.

"गेल्या वर्षभरात तंबाखूचा अंश निघालेली अकरा कुत्री आली," ते हळू आवाजात म्हणाले. "अकराही जबडे मीच कापले. एकही तुकडा तपासायला पाठवला नाही. मण्यानं सांगितल्यावर पुन्हा कशाला, म्हणून."

"त्या घरांत मणी कोण पुसायचं?"

"ते कुणी लिहूनच घेत नाही."

मालनला लिहिलेलं लागणार नव्हतं. सकाळची अशी कामं घरात कुणाच्या वाट्याला येतात, ते तिला माहीत होतं. जबड्याबरोबर मणीही गेले होते. त्या अकरा घरांत आता काही लाल होणार नव्हतं, पण बोट रोज हिरडीवर फिरतच असणार.

डॉक्टरांनी मोबाइल उचलला आणि तसाच धरून ठेवला. "फोन करून विचारू काय, बाई?"

फोनवर कोण खरं सांगणार, असं मालनच्या मनात आलं. सगळं ठाऊक असून, फौजदाराचा जबडा पणाला लागलेला असून, ती तीन दिवस गप्प बसली होती. त्या अकराजणींपाशी तर वाचवायला कुत्र्याचा जबडाही उरला नव्हता. मग त्यांनी कुणासाठी बोलायचं?