पेन ड्राइव्हमधले बाण

"पेन ड्राइव्ह रिकामा आहे," वकील म्हणाला.

"तुझं डोकं रिकामं आहे," चिमणी म्हणाली. "सरांनी स्वतः आईचे धडे त्यात घेतलेत."

वकील हे त्याचं वर्गाने ठेवलेलं नाव. पुराव्याशिवाय तो जेवायलाही बसत नसे. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारका बाण आहे, बघ. हे धडे नाहीत, धड्यांचे नुसते पत्ते. धडे राहिले जुन्या कॉम्प्युटरात."

चिमणीने एकेक धडा उघडून पाहिला; एकही उघडेना. तिची आई याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आजारपणातही ती स्वतःच्या आवाजात धडे रेकॉर्ड करत होती. थंडीत ती गेली. तिचा आवाज उरला होता तेवढ्यातच. आणि सुट्टी लागताच मुख्याध्यापक सरांनी नव्या टॅबना जागा हवी म्हणून जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते.

"धडे मी स्वतः स्क्रीनवरून ओढून टाकलेत त्यात," सर म्हणाले. वकिलाने बाण दाखवताच ते चष्मा पुसू लागले. सरांचा चष्मा नेमका अडचणीच्या वेळी मळायचा.

दोघांनी भंगाराच्या दुकानाकडे सायकली पिटाळल्या.

"हार्ड डिस्का चालल्या फोडायला," भंगारवाले काका पोत्याचं तोंड बांधत म्हणाले. "तुमची कुठली, कशी ओळखणार?"

"आईने कॉम्प्युटर उघडून दाखवला, तेव्हा मी डिस्कवर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. जांभळा."

"गाडी उभी आहे, पोरी. वेळ नाही."

वकिलाने घसा साफ केला. "काका, शाळेने डिस्क पुसल्याच नाहीत. सगळ्या पोरांचे फोन नंबर आहेत त्यात. बाहेर फुटले, तर चौकशीला लोक आधी कुठे येतील?"

काकांनी पोतं जमिनीवर पालथं केलं.

जांभळा ठिपका तळाशी सापडला.

शाळेत चिमणीने स्वतः केबल जोडली. आधी दोन प्रती, मग ऐकणं; हा आईचाच नियम.

"शाबास," सर हळूच म्हणाले. "मला जमायला हवं होतं, ते तुम्ही केलंत."

चिमणीने शेवटचा धडा लावला. आईचा थकलेला आवाज आला. मध्येच दार करकरलं.

"थांब गं चिमणे," आई म्हणाली, "एवढं संपलं की आलेच."

चिमणीला तो दिवस आठवला. किती वैतागली होती ती दारात!

आता ती धडा संपेपर्यंत थांबली. संपल्यावरही बराच वेळ दाराकडे बघत थांबली.