अश्विनच्या बोटीतली हवा

वैनगंगेच्या मधोमध बोटीचं इंजन खोकललं, फुरफुरलं आणि गप्प झालं.

"डिझेल तर फुल आहे... कायले बंद पडते, देव जाणे!" बोटवाल्याने कपाळाला हात लावला. त्याचं नाव अश्विन, हे मला शेजारच्या शकुनबाईंमुळे कळलं. बाजाराची टोपली धरून त्या त्याच्या नावाने शंख करत होत्या.

"लाइनीत हवा धरली," मी म्हणाले.

त्याने माझ्या ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसला. गालाला काळं ऑइल लागलेलं, तरी हसणं झकास होतं मेल्याचं!

"ताई, तुम्हाले समजते त्यातलं?"

"ताई नको म्हणू. पाना दे."

फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून मी डिझेलचा हातपंप मारला. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला आणि इंजन सुरू! आसगावच्या भैय्याजी मिस्त्रीची पोरगी आहे मी, तेजस्विनी. शेतावरचे डिझेल पंप उघडतच लहानाची मोठी झाले.

"समोर पाहून चालव," मी म्हटलं. कारण तो माझ्याकडेच बघत होता.

उतरताना त्याने माझा नंबर घेतला. मग पंधरा दिवसांत त्याचे तीन फोन आले. मी जाऊन हवा काढायची, ती चार दिवसांनी परत शिरायची. तो माझ्यासाठी कधी चिवडा आणायचा, कधी उकडलेले शिंगाडे. खरं सांगू? मला तो आवडायला लागला होता.

तिसऱ्या वेळी तो वैतागला. "सगळे जोड पुसून पाह्यले. एक थेंब गळत नाही!"

"गळणारच नाही. टाकी खाली, पंप वर. पंप डिझेल ओढते. तिथं फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

लाइनीत मी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. बुडबुडे पळताना दिसले. टाकीजवळच्या जोडातला तांब्याचा वायसर झिजला होता. नवा माझ्या खिशात होता...

आणि माझा हात थांबला. हा बसवला की हवा बंद. हवा बंद, की फोनही बंद.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही." मी वायसर बसवला, घट्ट आवळला. अर्धवट काम माझ्याने होत नाही, मग जीव कितीही चुटपुटो.

आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी वाजला, आणि मी पहिल्याच रिंगला उचलला. लाज कसली!

"बोट बंद पडली?"

"नाही ना. मस्त चालून राहिली."

"मग काहून फोन केला?"

"तेच तर... आठ दिवस बिघाडच शोधून राहिलो होतो. सापडला नाही. मले तू आवडतेस, तेजस्विनी. बिघाड नसला तरी येशील?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"नाही."

"नाही...?"

"तीनदा मी आले. आता तू ये. रविवारी, आईले घेऊन. बाबाले मी सांगून ठेवलं आहे."

"आँ! कधी सांगितलं?"

"वायसर बसवला त्याच दिवशी."