फुटक्या मडक्याचं मत

तीन आठवड्यांनी आस्पासियाने दुकानाबाहेर ठेवलेल्या अभिप्रायांच्या खोक्यात हात घातला. आत एक गोळीचा कागद, एक चावलेली पेन्सिल आणि एकच चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पुस्तक वाचलं. बरं आहे.’

“एवढंच?” मागून कुणीतरी म्हणालं.

ती दचकून वळली, तिचं कोपर कशाला तरी लागलं, आणि पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर एक मडकं खळ्ळकन फुटलं.

समोर उंचापुरा तरुण उभा. एका काखेत मडकं, दुसरी काख नुकतीच रिकामी झालेली. कोपरापर्यंत माती, केसांत माती, पापण्यांवरसुद्धा माती. डोळे तेवढे स्वच्छ. इतके स्वच्छ की बघणाऱ्याची पंचाईत व्हावी.

“ईस्टरला अजून तीन आठवडे आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “तुम्हाला फारच घाई झालेली दिसते.”

आता ग्रीसमधल्या आमच्या केर्किरा बेटावरची रीत अशी, की ईस्टरच्या आदल्या शनिवारी बरोबर अकरा वाजता घराघरातून मडकी खाली फेकायची. नुसती नाही, पाण्याने भरून, म्हणजे आवाज दणदणीत होतो. कुणी म्हणतं जुनं वर्ष फोडायचं, कुणी काही. माझ्या मते सैतानाच्या कानठळ्या बसाव्यात म्हणून. एका वर्षी तो एवढा घाबरला की पोहत अल्बेनियाला गेला, हे मला एका कोळ्याने सांगितलंय, आणि तो फक्त मासे किती धरले याबाबतीतच खोटं बोलायचा.

त्या मडक्यांसाठी हा स्तामातिस सिफ्नोस बेटावरून आला होता. तिकडे पोरं रांगायच्या आधी कुंभाराचं चाक फिरवतात. गावाबाहेरच्या म्हाताऱ्या कुंभाराची भट्टी मागून घेतली होती, ईस्टरच्या शनिवारी तीनच्या बोटीने परत जायचं ठरलं होतं.

“माफ करा,” आस्पासिया खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. “मी... वैतागले होते जरा.”

“खोक्यावर?”

“वाचकांवर.”

मग तिने सांगितलं. ती शाळेत शिकवायची. आपल्या देवादिकांच्या जुन्या गोष्टी तिने पोरांसाठी नव्याने लिहिल्या होत्या, त्यातले देव मासळीबाजारातल्यासारखे भांडायचे. मोठ्या माणसांनी नाकं मुरडली. पुस्तक छापणारे, दुकानाचे मालक आलेकोसकाका म्हणाले, पोरी, पुस्तक पोरांचं आहे, पोरांनाच विचारू. ईस्टरपर्यंत चाळीस पोरांची मतं आली तर दुसरा भाग छापतो. नाही आली तर तू सुखी, मी सुखी, कागद सुखी.

“आणि तुम्ही पोरांना कागद दिलात?” स्तामातिसने कपाळाला हात लावला. तिथेही माती लागली. “कागद बघितला की त्यांना गृहपाठ आठवतो.” त्याने एक खापर उचललं, दुकानाच्या शेगडीतला कोळसा घेतला. “आपले पूर्वज नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरावर लिहून त्याला गावाबाहेर काढायचे. पुस्तकाने काय घोडं मारलंय?”

“म्हणजे पोरांनी मला गावाबाहेर काढायचं?”

“काढलंच तर माझी भट्टी गावाबाहेरच आहे.”

आस्पासियाने त्याच्याकडे रागाने बघायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खापरांचा पाऊस. कुंभाराकडे फुटक्या मडक्यांना काय तोटा, आणि कोळशाने हात काळे करायला कुठलं पोर नको म्हणतं? खोकं भरलं, टोपली भरली. रोज संध्याकाळी दोघं विहिरीच्या पायरीवर बसून वाचायचे, मध्ये सोनेरी कुमक्वाटांची पुडी. बोटभर संत्री ती, सालीसकट खायची.

“‘देवांचा राजा माझ्या काकांसारखा आहे. काकू पण अशीच ओरडते,’” त्याने वाचलं.

“‘डोक्यावर साप असलेली बाई वेणी कशी घालते?’ हे मला सुचायला हवं होतं.”

“‘भुलभुलैयात बैलतोंड्या राक्षसाला जेवण कोण नेऊन द्यायचं? रस्ता चुकत नव्हता का?’ बघा, एवढ्या वर्षांत कुठल्या पंडिताने विचारलं नाही.”

पण निम्म्याहून जास्त खापरं एकाच गोष्टीवर चिडली होती, शेवटच्या. ती तर आमच्याच बेटावर घडलेली. बोट फुटून एक भटका राजा किनाऱ्याला लागतो. नदीवर कपडे धुणारी राजकन्या त्याला कपडे देते, खाऊपिऊ घालते, जीव लावते. आणि तो? जहाजात बसतो नि जातो. ती दाराच्या खांबाला टेकून उभी, तोंडातून ‘आठवण ठेव’पलीकडे शब्द नाही. झाम्बेता नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं, ‘राजकन्या उभी का राहिली? तिला पाय नव्हते का? तोंड नव्हतं का? पुस्तकाला दहापैकी सहा.’

“बरोबर आहे तिचं,” स्तामातिस म्हणाला.

“जुनी गोष्ट आहे. शेवट मी कोण बदलणार?”

“सगळ्या देवांना भांडायला लावलंत, तेव्हा नाही विचारलंत ते.”

“राजकन्येने ‘थांब’ म्हटलं, आणि तो थांबला नाही तर? मग केवढं हसू होईल तिचं.”

त्याने कुमक्वाटाचं देठ बोटांत फिरवलं. “आणि तो बिचारा... कुणीतरी ‘थांब’ म्हणेल म्हणून वाट बघत असेल तर?”

तिने पुढचं खापर उचललं. उलटं धरून वाचत होती, हे दोघांच्याही लक्षात आलं.

ईस्टरआधीच्या गुरुवारी पंचेचाळीस मतं झाली. आलेकोसकाकांनी तीनदा मोजली नि म्हणाले, “छापतो बाई. पण शेवटची गोष्ट नीट कर, नाहीतर ती झाम्बेता माझं दुकान फोडेल.”

शुक्रवारी आस्पासिया दिवसभर देवळात, देवाच्या पालखीला फुलं बांधत. त्याच वेळी स्तामातिस तिच्या घरी आला. दार उघडलं फ्रोसो आत्याने. या आत्याला चष्म्याशिवाय हत्तीही मांजर दिसायचा, आणि चष्मा ती फक्त लग्नाला लावायची.

“आस्पासियासाठी,” तो म्हणाला. हातात सुरेख मडकं, दोन कानांचं, मोठं. “तिलाच द्या आत्या. आजच.”

“देते रे बाबा. संतांच्या चपलांची शपथ.”

आमच्याकडे ही शपथ मोठी. आमचे संत देवळातून उठून बेटभर हिंडतात, अडलेल्याला हात देतात, म्हणून दरवर्षी त्यांच्या चपला झिजतात नि नव्या घालाव्या लागतात. पण आत्याने मडक्यावरून हात फिरवला आणि तिला लागले नुसते ओरखडे. ‘मेल्याने ओरखडलेलं दिलंय, वर आवाज बघा केवढा पडलेला.’ तिने मडक्याला लाल कापड गुंडाळलं, पाण्याने काठोकाठ भरलं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. ईस्टरच्या तोंडावर घरात मडकं आलं की ते फोडायलाच आलं, यात विचारायचं काय?

शनिवारी खाली गल्ली माणसांनी गच्च. संतांची मिरवणूक होऊन गेलेली, बँडवाले हुश्श करत उभे. आस्पासिया गॅलरीत आली आणि तिचे डोळे गर्दीत एकाच माणसाला शोधायला लागले. तो सापडला. समोरच्या भिंतीला टेकून वर बघत होता, हात खिशात. पहिल्यांदाच स्वच्छ धुतलेला. तिने हात हलवला. त्याने नाही हलवला.

“हे घे, स्तामातिसने दिलंय तुला,” आत्या म्हणाली. “जड आहे, दोघी ढकलू.”

त्याने दिलंय म्हटल्यावर तिला केवढा आनंद. देवळाची घंटा झाली, अकरा. तिने त्याच्याकडे बघून तोंडभर हसून मडकं ढकललं.

असा आवाज त्या वर्षी दुसरा झाला नाही. सैतान या वेळी अल्बेनियाच्याही पुढे गेला असणार. पाणी, लाल कापड, खापरंच खापरं, आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवतेय. आस्पासियाने खाली वाकून बघितलं. भिंत रिकामी.

शकुनाला एकेक तुकडा घरी न्यायचा असतो, म्हणून लोक पांगायला तास गेला. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं. झाम्बेता, मागे अख्खा वर्ग, सगळ्यांच्या ओंजळीत खापरं.

“ताई, हे मत कुणाचं? कोळशाने नाही, कोरलंय. आणि अर्धंच आहे. ‘शेवटची गोष्ट चुकली’ एवढंच वाचता येतंय.”

आस्पासियाने तो तुकडा हातात घेतला. कच्च्या मातीत काट्याने कोरून भाजलेली अक्षरं.

“सगळे तुकडे. खाली. आत्ता.”

पोरं चिमण्यांसारखी पसरली. दोन तुकडे तर बँडवाल्याच्या खिशातून काढले. जेवणाच्या टेबलावर मडकं गोल जुळायला लागलं आणि झाम्बेता मोठ्याने वाचायला लागली, कारण आस्पासियाला वाचवेना.

‘माझा अभिप्राय. शेवटची गोष्ट चुकली. राजकन्येने त्याला’ – इथे एक तुकडा नव्हता – ‘म्हणायला हवं होतं. तू म्हणशील? म्हणणार असशील तर हे मडकं गॅलरीत ठेव. नसशील तर शनिवारी अकराला फोड. मी खाली उभा असेन. मग तीनच्या बोटीने जाईन.’

आत्याने हळूच पेटीतून चष्मा काढून लावला, टेबलाकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. “ओरखडे नव्हते होय ते...”

“मी हसत फोडलं आत्या,” आस्पासिया म्हणाली. “त्याच्याकडे बघून हसत फोडलं.”

घड्याळात पावणेतीन.

“ताई,” झाम्बेता म्हणाली, “तुम्हाला पाय नाहीत का?”

आस्पासिया धावली. मागे वर्ग, वर्गामागे कुत्री, कुत्र्यांमागे आत्या. वाटेत बँड घरी चालला होता. त्यांना वाटलं नवी मिरवणूक निघाली की काय, तेही वाजवत मागे लागले. बंदरावर पोचेपर्यंत निम्मं गाव होतं, आणि बोट धक्क्यापासून सुटली होती. मागच्या कठड्याला स्तामातिस, पाठ बेटाकडे. अगदी गोष्टीतल्यासारखा.

आस्पासिया धक्क्याच्या टोकाला गेली. छाती भात्यासारखी. हसू होईल तर होऊ दे.

“स्तामातिस... थांब.”

आवाज कुठला पोचतोय. मग चाळीस पोरांनी श्वास घेतला, बँडवाल्यांनी गाल फुगवले, आणि “थांब” असा काही गरजला की डोंगरावरच्या शेळ्या चरायच्या थांबल्या.

बोट थांबली. आता खलाशी म्हणतात दोर अडकला. आम्हाला माहीत आहे, संतांनी चप्पल आडवी घातली. त्या वर्षी उजवी चप्पल जरा जास्तच झिजली होती, पुजाऱ्याला विचारा.

बोट मागे येऊन टेकायच्या आधीच त्याने उडी मारली. तिच्यासमोर उभा राहिला. त्याने खिशातून हात काढला, मूठ उघडली. आत एक खापर. त्यावर एकच शब्द. थांब.

“शकुनाचा तुकडा उचलला होता,” तो म्हणाला. “बघितलं तर नेमका हाच.”

“तो माझा आहे,” आस्पासिया म्हणाली. “टेबलावर त्याच्याशिवाय अडलंय सगळं.”

“मडकं फोडलंस तू.”

“आत्याने चष्मा लावला नव्हता. आणि मी वाचलं नव्हतं. आता वाचलंय. थांब म्हणतेय ना... किती वेळा म्हणू?”

“अजून एकदा,” तो म्हणाला. “हळू. या वेळी बँड नको.”

ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. बँडने मात्र ऐकलं नाही, वाजवलाच.

दुसरा भाग त्याच वर्षी निघाला. पहिलीच गोष्ट त्या राजकन्येची, नव्या शेवटाची. झाम्बेताने खापरावर मत पाठवलं, ‘दहापैकी नऊ. एक गुण कापला, कारण इतका उशीर का केला?’

आणि ते मडकं? सरस लावून स्तामातिसने तुकडा तुकडा जुळवलं, मधला सुद्धा. पाणी घातलं की बारा ठिकाणी गळतं, त्यात तुळससुद्धा नीट जगत नाही. पण दर ईस्टरला शनिवारी अकराला अख्ख्या गल्लीची मडकी खाली येतात, आणि ते एक तेवढं गॅलरीतच राहतं.